मुंबई ते लंडन : किती मैल आणि किती तास?

गेल्या महिन्यांत नागपुराहून एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांचा धाकटा मुलगा पुढील शिक्षणासाठीं लंडनला जावयाचा आहे. घरांत सासूबाई, दीर, जाऊ, मुलेंबाळें असा मोठा परिवार. आणि मुलाचें जाणें ठरल्यापासून प्रत्येकाच्या तोंडीं एकच प्रश्न : लंडन आहे तरी किती लांब? मुलानें मोबाइलवर पाहून सांगितलें, "सात हजार दोनशें किलोमीटर." एवढ्या आंकड्यानें आजीबाईंना कांहींच बोध होईना. मग तो म्हणाला, "मुंबईहून नऊ-दहा तास." तेव्हां आजीबाई प्रसन्न होऊन म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मुंबईच्या गाडीपेक्षां जवळच कीं! मग एवढें घाबरायचें काय?" भगिनी लिहितात कीं, सासूबाईंच्या हिशोबांत कोठें तरी चूक आहे असें मन सांगतें, पण ती दाखवितां येत नाहीं, तरी ती आपण दाखवावी.

आजीबाईंची चूक दाखविण्याचें काम आमच्यासारख्यानें अंगावर घेणें धाडसाचें आहे. शिवाय त्यांचें म्हणणें निम्मेंअधिक खरेंच आहे. परंतु हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हे. ज्यांचें एक तरी माणूस परदेशीं आहे अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां इतकीं झालीं आहेत कीं, हा हिशोब करण्याची पाळी आज ना उद्यां बहुतेकांवर यावयाची. आणि ती येते तेव्हां हिशोब करण्याइतकें मन ठिकाणावर नसतें. आमच्या शेजारीं नुकतेंच असें घडलें. तें पुढें सांगूंच. प्रथम मैलांकडे वळूं.

घरांत मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर तो घ्यावा, आणि दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर धरून दुसरें लंडनपर्यंत ताणावें. भिंतीवरचा नकाशा पाहून आपली अशी समजूत झालेली असते कीं, विमान अरबस्तान, मिसर, इटली असें तिरपें जात असेल. दोरा निराळेंच सांगतो. तो मुंबईहून निघून कराचीजवळून इराणच्या पूर्व भागावर चढतो, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग ओलांडतो, कॉकेशस पर्वतावरून काळ्या समुद्राच्या उत्तर कांठीं ओडेसाच्या आसपास येतो, आणि पोलंडचा दक्षिण भाग व जर्मनी यांवरून लंडन गांठतो. सपाट कागदावर हाच मार्ग धनुष्यासारखा वांकलेला दिसतो. गोलावर त्याहून सरळ मार्ग नाहीं.

या दोऱ्याची लांबी मोजण्याची रीत पंचांग उघडणाऱ्या घरांना परकी वाटूं नये. पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून एक रेषा मुंबईच्या विमानतळाकडे व दुसरी लंडनच्या हीथ्रो विमानतळाकडे काढली, तर त्या दोहोंमधील कोन पासष्ट अंशांना थोडा कमी भरतो. एका अंशाच्या साठ कला. दर्यावर्दी आणि वैमानिक ज्याला सागरी मैल म्हणतात, तो दुसरें तिसरें कांहीं नसून पृथ्वीच्या पाठीवरची एक कला होय. त्याचे मीटर १,८५२. पासष्टास साठांनीं गुणिलें म्हणजे ३,९०० आले. पासष्टावा अंश पुरा नाहीं म्हणून थोडे वजा केले कीं सुमारें ३,८९० सागरी मैल, म्हणजेच ७,२०० किलोमीटर, किंवा जुन्या साध्या मैलांत ४,४८०. उज्जयिनीच्या रेषेपासून आपल्या गांवाचें देशांतर काढणाऱ्या आमच्या जुन्या ज्योतिष्यांच्या डोळ्यांपुढें हाच गोल होता. मैलांचा भाग इतकाच. तो कधीं बदलत नाहीं, आणि म्हणूनच तो फारसा उपयोगाचाहि नाहीं.

बदलतात ते तास. हल्लींचीं मोठीं विमानें ताशीं ९०० किलोमीटरांच्या आसपास चालतात. ७,२०० ला ९०० नीं भागिलें कीं आठ तास येतात. आणि तरी मुंबईहून लंडनला जातांना साडेनऊ-दहा तास लागतात, येतांना साडेआठ-नऊ. एकाच वाटेचीं दोन मापें कशीं? तर वाऱ्यामुळें. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड लोट वाहत असतात. हिंवाळ्यांत त्यांचा वेग कधीं कधीं ताशीं दोनशें किलोमीटरांच्याहि वर जातो. विमानें नेमकीं याच उंचीवरून चालतात. लंडनला जातांना हा वारा छातीवर घ्यावा लागतो, येतांना तो पाठ राखतो. पुरांत नाव वर चढविणाऱ्याला आणि प्रवाहाबरोबर खालीं सोडणाऱ्याला नदीची लांबी एकच असते, पण श्रम एक नसतात, तसेंच हें.

या वाऱ्याच्या शोधाची गोष्ट मोठी मौजेची आहे. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत आकाशांत फुगे सोडून त्याचें मोजमाप केलें, आणि १९२६ सालीं आपला वृत्तान्त एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या जागतिक भाषेंत छापिला. सर्व जगाला कळावें म्हणून त्यांनीं ती भाषा निवडली. परिणाम असा झाला कीं, जवळजवळ कोणाच्याच वाचनांत तो आला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकन विमानांना हा वारा आडवा आला, तेव्हां जगाला त्याची खरी ओळख पटली. सर्वांसाठीं लिहावयास जाऊन कोणासाठींच लिहिलें जात नाहीं, हें आमच्यासारख्या मासिकवाल्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे, असो.

वाऱ्याच्या पाठोपाठ राज्यकर्ते येतात. गोलावरचा दोरा कोणाच्या सीमा जाणत नाहीं, विमानाला त्या जाणाव्या लागतात. पाकिस्तानवरील आकाश २०१९ च्या फेब्रुवारींत बंद झालें तें जुलैंत उघडलें. २०२५ च्या एप्रिलांत भारतीय विमानांना तें पुन्हां बंद झालें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशिया-युक्रेन युद्ध पेटलें आणि ओडेसाकडील आकाश उतारूंच्या विमानांना मिटलें. १३ जून २०२५ रोजीं इराणवर हल्ले सुरू झाले, तेव्हां मुंबईहून लंडनकडे निघालेलें एक विमान तीन तास आकाशांत काढून पुन्हां मुंबईसच उतरलें. त्यांतील उतारूंनीं किती अंतर तोडलें म्हणावें, हा प्रश्न आम्ही गणिताच्या शिक्षकांवर सोंपवितों. तात्पर्य, मागच्या खेपेस मुलगा अमुक तासांत आला म्हणून या खेपेसहि तितक्याच तासांत येईल, असें धरून चालूं नये. दोऱ्याची वाट अडली कीं वळसा पडतो, आणि प्रत्येक वळशाचा भार तासांवर चढतो.

घड्याळांचा घोटाळा याहून निराळा. आपलें घड्याळ ग्रीनिचच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. इंग्लंडांतील लोक मार्चच्या शेवटच्या रविवारीं आपलीं घड्याळें एक तास पुढें करतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं पूर्ववत् करतात. म्हणून हिंवाळ्यांत दोन्ही देशांत साडेपांच तासांचा फरक, तर उन्हाळ्यांत साडेचार. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गांवची आणि पोंचण्याची वेळ पोंचण्याच्या गांवची, अशी छापलेली असते. हिंवाळ्यांत दुपारीं एकला मुंबईहून सुटून दहा तास उडालेलें विमान लंडनला संध्याकाळीं साडेपांचाला उतरेल. कागद पाहणाऱ्यास वाटावें, प्रवास साडेचार तासांचा. उलट, लंडनहून सकाळीं साडेनऊला निघून नऊ तास उडालेलें विमान मुंबईस मध्यरात्रीं टेकेल. कागदावर झाले साडेचौदा. मुंबईकरांना तरी याचें नवल वाटूं नये. १९०६ सालीं सर्व हिंदुस्थानाची एक वेळ ठरल्यावरहि त्या शहरानें ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें असलेली आपली स्वतःची वेळ १९५५ सालापर्यंत सोडली नव्हती, आणि पुण्याच्या पाहुण्यास तेथील कित्येक घड्याळें ३९ मिनिटें मागें दिसत.

येथें आणखी एका शंकेचें उत्तर देऊन ठेवितों, कारण ती आम्हांस वारंवार विचारली जाते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते तेव्हां लंडनला आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. मग तिथि कोणती धरावी? तिथि ही घड्याळावर चालत नाहीं. सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतर बारा अंशांनीं वाढलें कीं एक तिथि सरते, आणि तो क्षण सगळ्या पृथ्वीला एकच असतो. म्हणून पुण्याच्या रात्रीं दीडला आणि लंडनच्या आदल्या रात्रीं आठला तारखा दोन असल्या तरी तिथि एकच. फरक पडतो तो ती तिथि कोणत्या दिवसाची म्हणावी यापुरता. कारण तेथें गांवोगांवचा सूर्य आड येतो.

आमच्या आज्या-पणज्यांच्या काळीं यांतला एकहि हिशोब लागत नसे. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाल्यावरहि मुंबईहून लंडनला जाण्यास दोन-तीन आठवडे लागत. ज्यांना घाई असे ते मार्सेय बंदरांत उतरून पुढें आगगाडी धरीत. १९२९ च्या मार्चअखेरीस लंडन-कराची विमानसेवा सुरू झाली, तिला सात दिवस लागत, आणि त्यांतहि बाझेलपासून जिनोव्हापर्यंतचा टप्पा आगगाडीचाच होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन आपलें छोटेंसें विमान अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरविलें, तेव्हां मुंबईची गांठ या वाटेला पडली. पुढें ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला पोंचलें. १९६० सालीं एअर इंडियाचीं जेट विमानें आलीं. तेव्हांपासून विमानांचा वेग वाढला असें म्हणतां येत नाहीं. मधले थांबे गळाले, एवढेंच. ध्वनीच्या पुढें धांवणारें काँकॉर्ड विमान या वाटेनें उतारू नेण्यास कधीं लागलें नाहीं, आणि २००३ सालीं तें कायमचें जमिनीवर आलें. म्हणजे तीन आठवड्यांचे दहा तास करण्यास जगाला सुमारें शंभर वर्षें लागलीं. त्या दहांचे पांच मात्र अद्याप झालेले नाहींत.

बातमीचें तसें नव्हतें. १८७० सालींच समुद्राखालील तारेनें मुंबई इंग्लंडशीं जोडली गेली होती. बातमी तासांत जाई, माणूस आठवड्यांनीं येई. त्यामुळें घरीं कांहीं विपरीत घडलें तर विलायतेंत असलेल्या मुलाला तार करीत, पण त्याच्यासाठीं थांबावें काय, हा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे. आमच्या धर्मनिबंधकारांनींहि हें गृहीतच धरलें होतें. मध्यें महानदी आली, पर्वत आला किंवा भाषा बदलली कीं तें देशांतर, अशी व्याख्या त्यांच्या ग्रंथांत सांपडते. आणि देशांतरीं असलेल्या पुत्रास आईबापांच्या निधनाची वार्ता जेव्हां कळेल तेव्हांपासून त्यानें दहा दिवस धरावे, अशी सोय त्यांनीं करून ठेविली. त्या सोयीमागें एक मोठी दया आहे : तो पोंचणार नाहीं, हें सर्वांना आधींपासून ठाऊक आहे, आणि त्याचा दोष कोणाकडेच नाहीं. ही दया नऊ तासांच्या आंकड्यानें आपणांपासून काढून घेतली, असें आम्हांस गेल्या पौष महिन्यापासून वाटूं लागलें आहे.

आमच्या शेजारीं पुण्यांत एक निवृत्त शिक्षक राहत असत. वय चौऱ्यांशी. घरांत पत्नी, धाकटा भाऊ, धाकटा मुलगा, सून, नातवंडें. थोरला मुलगा लंडनजवळच्या रेडिंग गांवीं पुष्कळ वर्षांपासून नोकरीस. एके रात्रीं दीड वाजतां शिक्षक गेले. थोरल्यास तत्काळ फोन लागला. तेथें आदल्या संध्याकाळचे आठ वाजले होते. इकडे काकांनीं बोटांवर हिशोब केला. "नऊ तासांचें विमान. दीड आणि नऊ साडेदहा. दोन तास इकडचे तिकडचे धरा. साडेबाराला तो दारांत उभा." दुःखांत असलेल्या घराला एखादा निश्चित आंकडा मिळाला कीं तें त्याला घट्ट धरून बसतें. उजाडेपर्यंत हा साडेबाराचा आंकडा साताऱ्याच्या आणि नाशिकच्या नातेवाइकांपर्यंत गेला. गुरुजींना एकची वेळ दिली.

वास्तविक त्या वेळीं काय घडत होतें? रात्रीचें शेवटचें थेट विमान सुटण्यास तेथें दीड तास उरला होता. विमानतळ तासाभराच्या वाटेवर, आणि सुटण्याच्या एक तास आधीं तेथील खिडकी बंद होते. दुबईमार्गें जाणाऱ्या विमानांत जागा मिळाली नाहीं. जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेनऊच्या थेट विमानांत. म्हणजे आपल्या दुपारीं तीनच्या. हें त्यानें रात्रींच सांगितलें होतें, परंतु "सकाळचें विमान" एवढेंच शब्द इकडे कोणाच्या तरी कानांवर पडले, आणि सकाळ ती आपलीच सकाळ असें सर्वांनीं मानलें. दहा वाजतां धाकट्यानें "मुंबईस उतरलास का?" म्हणून फोन केला तर तो म्हणाला, "अजून घरींच आहें. पहांटेचे साडेचार वाजलेत. आतां निघतों." काका त्यानंतर कांहीं बोलले नाहींत.

अडीच वाजतां, विमानांत बसतांना, थोरल्यानें पुन्हां फोन केला. धाकटा म्हणाला, "दादा, तूं ये. आम्ही थांबतों." आम्ही तेथेंच होतों, तें वचन त्यानें मनापासून दिलें. तीन वाजतां विमान सुटलें. बाहेरच्या खोलींत बर्फाच्या लाद्या बदलण्याचें काम चाललें होतें. साताऱ्याहून आलेल्या ऐंशी वर्षांच्या बहिणी दुपारपासून ओसरीवर टेकून बसल्या होत्या. चारच्या सुमारास शिक्षकांच्या पत्नींनीं विचारलें, "तो केव्हां पोंचेल?" कोणीं तरी सांगितलें, उद्यां पहांटे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनीं जन्मांत कोणाला ताटकळत ठेवलें नाहीं. त्यांना ठेवूं नका."

सहा वाजतां धाकट्यानें अग्नि दिला. वचन मोडलें हें थोरल्यास कळविण्याचा मार्ग नव्हता. त्या विमानांत निरोप पोंचत नव्हता. उतरल्यावर फोनवर तें वाचून कळावें, हें धाकट्यास सोसवेना. म्हणून त्याला आणावयास आम्हीं जावें असें ठरलें.

साडेसातास निघालों तों साडेअकराला मुंबईच्या विमानतळाबाहेर पोंचलों. विमान मध्यरात्रीं उतरलें. तो बाहेर आला तेव्हां एक वाजला होता. हातांत एक लहानशी पिशवी. सबंध वाटेनें आम्हीं मनाशीं वाक्यें जुळवून ठेविलीं होतीं, त्यांतलें एकहि वेळेवर आठवलें नाहीं. मोटार खाडीच्या पुलावर आली तेव्हां त्यानेंच विचारलें, "बाबा घरींच आहेत, कीं रुग्णालयांत ठेवलें आहे?" आम्हीं म्हटलें, "संध्याकाळीं सहाला झालें सारें."

पूल सरेपर्यंत तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सहा म्हणजे माझे साडेबारा. तेव्हां समोरच्या पडद्यावर काळा समुद्र दाखवीत होते. जेवणाचें ताट आलें होतें. मी जेवलों." कांहीं वेळानें त्यानें विचारलें, "कोणीं ठरविलें?" आम्हीं सांगितलें, "तुमच्या आईंनीं." त्यावर त्यानें डोकें मागें टेकलें.

पुढल्या अंधाऱ्या वाटेवर आम्हीं मनाशीं बेरीज केली. रात्रीं दीडपासून दुसऱ्या दिवशींच्या पहांटे पावणेपांचपर्यंत सव्वासत्तावीस तास झाले होते. त्यांत आकाशांतले तास नऊ. उरलेले सव्वाअठरा जागा मिळविण्यांत, विमान सुटण्याची वाट पाहण्यांत, रांगेंत, पारपत्र दाखविण्यांत आणि मुंबई-पुणें रस्त्यावर गेले होते. नागपूरच्या आजीबाईंच्या हिशोबांतील चूक ती हीच. गाडीचे तास हे सबंध प्रवासाचे तास असतात. स्टेशनवर जावें, चढावें, उतरावें, झालें. विमानाचे तास हा प्रवासाचा मधला तुकडा असतो, आणि सांगणारा तेवढाच सांगतो. त्यांच्या नातवास लंडनांतील खोलीच्या दारांतून नागपुरांतील वाड्याच्या दारांत येण्यास, जागा हातांत असेल आणि मुंबईचें पुढचें विमान वेळेवर मिळेल तरी, अठरा-वीस तास धरावेत. आणि ऐन वेळीं निघावें लागलें तर सबंध एक दिवस व वर कांहीं.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आमची सूचना अशी आहे कीं, मुलगा जाण्यापूर्वींच एके दिवशीं त्याला जवळ बसवून त्याच्याकडून एक कागद लिहून घ्यावा. लंडनहून मुंबईचीं थेट विमानें साधारण केव्हां सुटतात, तीं आपल्या घड्याळाप्रमाणें केव्हां, शेवटच्या विमानासाठीं बातमी उशिरांत उशिरां किती वाजेपर्यंत पोंचली पाहिजे, आणि त्यानंतर पोंचली तर तो केव्हां येईल. दर सहा महिन्यांनीं तो कागद बदलावा. तिकडचीं घड्याळें बदलतातच. आणि आणखी एक, जें कागदावर लिहवत नाहीं. आमच्यासाठीं थांबा किंवा थांबूं नका, हें घरांतील वडील मंडळींनीं आपण होऊन, हंसतबोलत असतांनाच सांगून ठेवावें. तें सांगितलेलें असलें म्हणजे धाकट्यावर खोटें वचन देण्याची पाळी येत नाहीं. आमच्या शेजारच्या धाकट्यानें अजून त्या फोनचा विषय आमच्यापाशीं काढलेला नाहीं.

खंडाळ्याचा घाट चढतांना थोरल्यास डोळा लागला. पुण्यांत शिरतांना आम्हीं त्याला उठविलें. पावणेपांचाला मोटार दारापुढें थांबली, तेव्हां वरच्या खोलींतला दिवा जळत होता. आई जिन्याच्या तोंडाशीं बसून होत्या. त्यांनीं त्याच्या हातांतली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "दोन तास नीज. आठाला तुला अस्थी आणायला जायचें आहे. तें तुझ्यासाठीं ठेवलें आहे."